अँटिबॉडी यायच्या आधी पेशीला काय कळतं?

पोळा-गणपती होऊन गेले की जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यांत तापाची गर्दी वाढायला लागते. नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्त्यांत ड्रम, टाक्या, रांजण भरून ठेवलेले असतात आणि त्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं की संध्याकाळी कागद हातात पडतो: एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. तो कागद घरातले सगळे वाचतात, व्हॉट्सॲपवर पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनाही पाठवतात. एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन आहे, ते रक्तात सापडलं म्हणजे विषाणू शरीरात आहे. आयजीएम आणि आयजीजी या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं. आयजीएम दिसायला तापाचे चार-पाच दिवस जावे लागतात.

आता इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अँटिबॉडी अजून बनलेल्या नाहीत. तरी अंगात १०३ ताप आहे, डोळ्यांच्या मागे ठणकतंय, पेशंट ‘आंग मोडी ऱ्हायनं’ म्हणून कण्हतोय. ही सगळी उलथापालथ शरीर स्वतःच करतंय. म्हणजे कोणीतरी विषाणूला आधीच ओळखलेलं आहे. कोणी?

शाळेत आपण शिकतो की प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि अँटिबॉडी. ते खरं आहे, पण त्यात एक मोठी जागा रिकामी राहते. विषाणूला स्वतःची नक्कल काढायची तर जिवंत पेशीत शिरून तिचीच यंत्रणा वापरावी लागते, आणि एकदा तो आत गेला की रक्तात फिरणाऱ्या अँटिबॉडीला त्याच्यापर्यंत सहसा पोचता येत नाही. तेव्हा तो आत आहे हे कळण्याची पहिली संधी त्या पेशीचीच असते. ती सोय आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, मग ती कातडीची असो, आतड्याची असो की श्वासनलिकेची. आईच्या पोटातून येतानाच आपण ती घेऊन येतो. तिला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात.

या शक्तीचा एक मोठा पुरावा अंड्यातून मिळाला. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांवर उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू टाकला. मग त्या तुकड्यांभोवतीचं पाणी त्यांनी ताज्या तुकड्यांना दिलं. ताज्या तुकड्यांना आता जिवंत विषाणूची लागण होईना. पहिल्या पेशींनी पाण्यात काहीतरी सोडलं होतं आणि ते शेजारच्या पेशींना सावध करत होतं. त्याला त्यांनी इंटरफेरॉन नाव दिलं. पण मेलेला विषाणू पाहून पेशीला नेमकं काय कळलं, हे समजायला पुढची पन्नासेक वर्षं गेली.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स जेनवे यांनी एक कल्पना मांडली. जंतूंच्या शरीरात काही खुणा अशा असतात की त्या टाकून दिल्या तर जंतू जगूच शकत नाही, आणि आपल्या पेशींकडे नेमक्या त्या खुणा धरणारी ठरावीक प्रथिनं जन्मतःच असली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा हातात पुरावा फारसा नव्हता. पुढे १९९६ मध्ये फळमाशीत आणि १९९८ मध्ये उंदरात तो मिळाला. ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. त्यांनी ज्यांचं हे काम दाखवलं ती ‘टोल’ कुळातली प्रथिनं पेशीच्या बाहेरच्या आवरणावर किंवा पेशीने गिळलेल्या मालाच्या पिशव्यांमध्ये बसलेली असतात. जंतू तिथून पुढे, थेट पेशीच्या आतल्या पेशीद्रवात गेला की काय होतं, ही त्याहून अवघड गोष्ट आहे आणि मला तीच सांगायची आहे.

अवघड का? बाहेरच्या जिवाणूला ओळखणं त्या मानाने सोपं, कारण त्याची भिंत ज्या पदार्थांची असते ते पदार्थ आपलं शरीर बनवतच नाही. विषाणूचं तसं नसतं. त्याची प्रथिनं आपल्याच पेशीच्या कारखान्यात तयार होतात. अनेक विषाणूंचं बाहेरचं आवरण आपल्याच पेशीच्या पडद्यातून फाडून घेतलेलं असतं. त्याची जनुकं आरएनए किंवा डीएनएची, आणि त्यांची अक्षरं आपल्या जनुकांचीच. त्यात विषाणू भराभर बदलतात, त्यामुळे एखादा विशिष्ट अक्षरक्रम लक्षात ठेवून उपयोग नाही. मग ओळखायचं कशावरून?

पेशी दोन गोष्टी पाहते. वस्तूची ठेवण कशी आहे आणि ती सापडली कुठे. विषाणूचं नावगाव तिला कधीच कळत नाही.

आधी ठेवणीचं बघू. आपल्या पेशीचा आरएनए केंद्रकात तयार होतो आणि तिथून पेशीद्रवात येण्याआधी त्याच्या पुढच्या टोकावर एक रासायनिक टोपी चढवली जाते. ही टोपी नसती तर त्या टोकाला तीन फॉस्फेटची उघडी साखळी राहिली असती. कित्येक विषाणूंचा आरएनए पेशीद्रवातच तयार होतो आणि त्याच्या टोकावर ही उघडी साखळी तशीच असते. ती पकडणारं एक प्रथिन आपल्या पेशीद्रवात आहे, त्याचं नाव रिग-आय. जपानमधल्या ताकाशी फुजिता यांच्या गटाने २००४ मध्ये त्याचं काम दाखवलं आणि दोनच वर्षांत ते फॉस्फेटचं टोक पकडतं हेही स्पष्ट झालं.

दुसरी खूण याहून पक्की आहे. आपला आरएनए बहुतेक एकेरी धाग्याचा असतो. आरएनएच्या विषाणूला मात्र नक्कल काढताना आपल्या धाग्यासमोर दुसरा उलटा धागा विणावाच लागतो, त्यामुळे काही काळ तरी लांबच लांब दुहेरी आरएनए तयार होतो. असा लांब दुहेरी आरएनए निरोगी पेशीद्रवात जवळजवळ नसतोच. एमडीए-५ नावाचं प्रथिन त्याला लगटून रांगेने बसत जातं. डेंग्यूचा विषाणू सुमारे अकरा हजार अक्षरांचा, एकेरी आरएनएचा. तो स्वतःच्या आरएनएला आपल्यासारखीच टोपी घालायला शिकलेला आहे, तरीही नक्कल काढण्याच्या मधल्या पायऱ्या त्याला चुकवता येत नाहीत. म्हणून रिग-आय आणि एमडीए-५ दोघंही त्याला धरतात.

धरल्यावर पुढे काय? ही दोन्ही प्रथिनं आपला निरोप मॅव्हज नावाच्या तिसऱ्या प्रथिनाला देतात, आणि ते बसलेलं असतं तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकाँड्रियाच्या, बाहेरच्या पडद्यावर. पेशीला ऊर्जा देणाऱ्या या भागावरूनच विषाणूविरोधी निरोप निघतो हे २००५ मध्ये कळलं तेव्हा या क्षेत्रातल्या लोकांनाही नवल वाटलं होतं. मॅव्हजचा एक रेणू घडी बदलतो, मग त्याच्या शेजारचा बदलतो, मग त्याच्या पलीकडचा, आणि बघता बघता त्यांचे लांब धागे तयार होतात. त्यामुळे विषाणूच्या आरएनएचे अगदी थोडे रेणू सापडले तरी पेशीभर निरोप पोचतो. हे धागे पुढची प्रथिनं कामाला लावतात, ती केंद्रकात जातात आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं.

आता डीएनए. इथे ठेवणीवरून काहीच ठरवता येत नाही. विषाणूचा डीएनए आणि आपला डीएनए, दोन्ही तसलेच दुहेरी पीळ. म्हणून इथे जागा पाहिली जाते. बैलजोडी गोठ्यात उभी असली तर घरातलं कोणी मान वर करून बघत नाही, तीच चुलीपाशी उभी दिसली तर सगळं घर जागं होतं. डीएनएची जागा केंद्रकात, थोडासा तंतुकणिकेत. पेशीद्रवात तो दिसला की काहीतरी बिघडलंय एवढं नक्की.

पेशीद्रवातला डीएनए पकडणाऱ्या प्रथिनाचं नाव सीगॅस. अमेरिकेत डॅलसला काम करणाऱ्या झिजियान चेन यांच्या गटाने ते शोधलं. हा शोध २०१३ मध्ये छापून आला आणि २०२४ मध्ये चेन यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. सीगॅस डीएनएचा मजकूर वाचत नाही. दुहेरी धागा पुरेसा लांब आहे ना, एवढंच त्याला हवं असतं. मग तो विषाणूचा असो, जिवाणूचा असो, की फुटलेल्या तंतुकणिकेतून सांडलेला आपलाच. डीएनएला धरल्यावर सीगॅसचा आकार बदलतो आणि ते पेशीत नेहमी उपलब्ध असणाऱ्या एटीपी आणि जीटीपी या दोन रेणूंची सांगड घालून एक छोटी गोल कडी बनवतं. ही कडी म्हणजेच निरोप. ती तरंगत जाऊन स्टिंग नावाच्या प्रथिनाला चिकटते, स्टिंग आपली जागा सोडून पुढे सरकतं आणि पुन्हा तेच, इंटरफेरॉनचं जनुक चालू.

या छोट्या कडीबद्दल मला विशेष आपुलकी आहे. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटांमधून ती सरळ पलीकडे जाते, म्हणजे ज्या पेशीत अजून विषाणू पोचलेलाच नाही तीही सावध होते. आणि २०१५ मध्ये तर असं दिसलं की आजारी पेशीतून बाहेर पडणाऱ्या काही विषाणूंच्या पोटात ही कडीही बंद होऊन जाते. विषाणू नव्या पेशीत उतरतो तेव्हा स्वतःच्या आगमनाची वर्दी स्वतःच घेऊन आलेला असतो.

चाणाक्ष वाचकाला इथे शंका येईल. आपल्या एकेका पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए आहे, आणि सीगॅस केंद्रकातही सापडतं. मग ते आपल्याच डीएनएवर का उठत नाही? उत्तर २०२० मध्ये नीट मिळालं. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गठ्ठ्यांवर गुंडाळलेला असतो आणि केंद्रकातलं सीगॅस त्या गठ्ठ्यांनाच असं घट्ट बसवलेलं असतं की डीएनए धरायची त्याची जागाच झाकली जाते. शिवाय पेशीद्रवात चुकून पडलेले आपले डीएनएचे तुकडे झाडून टाकायला ट्रेक्स-१ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ज्या बाळांत ते जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना लागण नसतानाही सतत इंटरफेरॉन बनत राहतं आणि मेंदूला इजा होते. हा आजार दुर्मीळ आहे, पण ही व्यवस्था किती बारीक तोलावर चालते ते त्यातून कळतं.

डीएनएच्या विषाणूचं उदाहरण खानदेशाला नव्याने शोधायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यात लंपीच्या त्या वर्षीच्या साथीची सुरुवात रावेर तालुक्यातून झाली. गुरांच्या अंगावर गाठी, पायांना सूज, दूध आटलेलं, बाजार बंद. लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला, सुमारे दीड लाख अक्षरजोड्यांचा. डीएनएचे बहुतेक विषाणू नक्कल काढायला केंद्रकात जातात, या कुळातले मात्र आपला सगळा संसार पेशीद्रवातच मांडतात. म्हणजे सीगॅसच्या अगदी नजरेसमोर. मग ते टिकतात कसे? देवीच्या लसीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया हा याच कुळातला विषाणू. तो ती निरोपाची कडीच तोडणारं विकर सोबत आणतो, हे २०१९ मध्ये उघड झालं. डीएनए दिसतो, सीगॅस कडी बनवतं, पण ती स्टिंगपर्यंत पोचायच्या आत कापली जाते.

डेंग्यूची तऱ्हा वेगळी. तो आरएनएचा विषाणू, डीएनएशी त्याचा थेट संबंध नाही. पण त्याच्या धुडगुसात पेशीच्या तंतुकणिका फुटतात, त्यांचा डीएनए पेशीद्रवात सांडतो आणि सीगॅस उठतं. त्यावर उपाय म्हणून डेंग्यूच्या विषाणूचं एक विकर माणसाचं स्टिंग कापून टाकतं. उंदराचं स्टिंग मात्र त्याला कापता येत नाही, आणि साध्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना डेंग्यू नीट होत नाही यामागे हेही एक कारण आहे. एखाद्या विषाणूने एखाद्या प्रथिनाला तोडायचं खास हत्यार बाळगलेलं दिसलं की ते प्रथिन किती कामाचं असेल, हे वेगळं सांगावं लागत नाही. संशोधकही कित्येकदा याच मागाने जातात.

इंटरफेरॉन बाहेर पडल्यावर शेजारच्या पेशींमध्ये शेकडो जनुकं चालू होतात. त्यांतली दोन सांगतो. पीकेआर हे प्रथिन दुहेरी आरएनए दिसताच पेशीतलं प्रथिन बनवण्याचं कामच थांबवतं, विषाणूचंही आणि पेशीचं स्वतःचंही. दुसरी एक जोडी, ओएएस आणि आरएनेज-एल, पेशीतला आरएनए सरसकट कापत सुटते. पेशी स्वतःचं नुकसान सोसून विषाणूची वाट अडवते. एवढं करून भागलं नाही तर मरूनही जाते. आणि इकडे अंगदुखी, थकवा, भूक मरणं ही तर इंटरफेरॉनचीच खूण. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा पेशंटना फ्लू झाल्यासारखंच वाटायचं. तापातल्या कणकणीतली बरीचशी कणकण विषाणूने दिलेली नसते, ती आपल्या पेशींच्या या धावपळीची असते.

जिवाणूंकडे वळू. सगळे जिवाणू पेशीत शिरत नाहीत, पण खानदेशात घरोघरी माहीत असलेले दोन आजार, टायफॉइड आणि क्षय, हे पेशीत राहणाऱ्या जिवाणूंचे आहेत. पेशी त्यांना गिळून एका पिशवीत कोंडते आणि ते त्या पिशवीतच बिऱ्हाड करतात.

जिवाणूची भिंत मोडताना तिचे बारीक तुकडे पेशीद्रवात गळतात आणि नॉड-१, नॉड-२ ही प्रथिनं ते टिपतात. काही जिवाणू पिशवी फाडून बाहेर येतात, तेव्हा पुन्हा जागेचीच गोष्ट येते, आणि ती फार सुंदर आहे. पिशवीच्या आतल्या बाजूला आपल्याच साखरेच्या साखळ्या असतात. पिशवी अखंड आहे तोवर त्या पेशीद्रवाला कधी दिसत नाहीत. फाटली की उघड्या पडतात. गॅलेक्टिन-८ नावाचं प्रथिन त्या साखरेला धरतं आणि फाटकी पिशवी जिवाणूसकट गुंडाळून पेशीच्या पचनाच्या कोठारात पाठवण्याची सोय होते. इथे जिवाणूला कोणी हातही लावलेला नसतो. त्याने केलेली मोडतोड तेवढी ओळखलेली असते.

टायफॉइडच्या जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यात एलपीएस नावाचं विष असतं. कॅस्पेस-४ हे प्रथिन पेशीद्रवात आलेलं एलपीएस स्वतःच धरतं, हे बीजिंगच्या फेंग शाओ यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. मग गॅस्डर्मिन-डी नावाचं प्रथिन कापलं जातं आणि त्याचे तुकडे पेशीच्या पडद्यात गोल भोकं पाडतात. पेशी फुगून फुटते आणि जिवाणूचं बिऱ्हाड मोडतं. अशाच भोकांतून इंटरल्यूकिन-१ हा रेणू रक्तात येतो आणि त्याचा सांगावा मेंदूपर्यंत पोचला की अंगाचं तापमान वर नेलं जातं. पॅरासिटामॉलची गोळी मेंदूतल्या या शेवटच्या पायरीवर काम करते. तिने ताप उतरतो, जंतूला काहीही होत नाही.

टायफॉइडचा जिवाणू मात्र याला पुरून उरतो. तो माणसाच्या अंगात शिरल्यावर स्वतःभोवती साखरेचं जाड वेष्टण ओढून एलपीएस झाकतो आणि पोहायची शेपटी बनवणं बंद करतो, कारण त्या शेपटीचं प्रथिनही आपल्या पेशी ओळखतात. मुदतीचा ताप एकदम न भडकता दिवसागणिक पायरीपायरीने चढतो, त्यात या लपण्याचा मोठा वाटा आहे.

क्षयाचं आणखी वेगळं. त्याच्या जिवाणूकडे पिशवीला भोक पाडणारी यंत्रणा आहे. भोकातून त्याचा डीएनए बाहेर येतो, सीगॅस उठतं, इंटरफेरॉन बनतं. पण विषाणूविरुद्ध कामी येणारं हेच इंटरफेरॉन क्षयात बऱ्याचदा जिवाणूच्याच पथ्यावर पडतं. आपल्या दंडावर ज्या बीसीजीची खूण आहे त्या लसीतल्या जिवाणूने ही भोक पाडणारी यंत्रणा फार पूर्वीच, प्रयोगशाळेत वाढवताना, गमावलेली आहे. तो निरुपद्रवी असण्याचं एक प्रमुख कारण तेच. शिवाय बीसीजीच्या भिंतीचे तुकडे नॉड-२ ला जागं करतात आणि काही पांढऱ्या पेशी त्यानंतर दीर्घकाळ जास्त तत्पर राहतात, असं २०१२ मधल्या एका अभ्यासात दिसलं. जन्मजात प्रतिकारशक्तीला आठवण नसते ही जुनी समजूत त्यामुळे सैल झाली.

हे सगळं कळल्यावर बाजारातल्या ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या बघून मला वाईट वाटतं. ही यंत्रणा नुसती वाढवायची वस्तू नाही. वेळेवर चालू होणं आणि वेळेवर बंद होणं, दोन्ही तितकंच महत्त्वाचं. करोनाच्या काळात त्याचा पुरावा मिळाला. २०२० मध्ये करोनाच्या न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी निघाल्या. सुरुवातीचा निरोपच पोचला नाही आणि विषाणू मोकाट सुटला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे प्राण वाचतात, पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. स्टेरॉइड ही सगळी धावपळ दाबतं. धावपळ हाताबाहेर गेली असेल तर ते औषध, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत, पेशी आपलं काम करत असताना, अडथळा. साध्या तापात ‘एक पॉवरफुल सुई मारून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. आणि ही विषाणूची लागण असेल तर अँटिबायोटिक तिथे काही करत नाही.

पेशीच्या या नजरेतून सुटायचं कसं, हे माणसाने एकदा मुद्दाम शिकून घेतलं आणि त्यातून करोनाच्या एमआरएनए लशी झाल्या. प्रयोगशाळेत बनवलेला आरएनए पेशीत घातला की पेशी त्याला विषाणू समजून भडकायची. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की आरएनएच्या एका अक्षराची ठेवण किंचित बदलली तर हा भडका बराच कमी होतो. २०२३ चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं.

शेवटी केळीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हा विषय दवाखान्याच्याही आधी बांधावर भेटतो. केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक, हाही आरएनएचाच विषाणू. मावा ही बारीक कीड त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. झाडाला रक्त नाही, फिरत्या पांढऱ्या पेशी नाहीत, अँटिबॉडी तर नाहीतच. जे काही करायचं ते ज्या त्या पेशीलाच करावं लागतं. आणि केळीची पेशीही धरते ती तीच खूण, नक्कल काढताना तयार होणारा दुहेरी आरएनए. डायसर नावाचं विकर त्याचे वीस-चोवीस अक्षरांचे बारीक तुकडे करतं, आणि मग झाड ते तुकडे मापासारखे वापरून जुळणारा विषाणूचा आरएनए शोधून कापतं. हे तुकडे पेशींमधल्या वाटांतून पुढच्या पेशींत, पुढच्या पानांत जातात. विषाणू गप्प बसत नाही. कुकुंबर मोझॅककडे २बी नावाचं प्रथिन आहे, ते ही कापाकापी रोखतं. शहाद्याकडच्या पपईवर येणाऱ्या रिंगस्पॉटच्या विषाणूकडेही असंच एक प्रथिन आहे.

ही झटापट झाड हरलं की त्याला बरं करणारं औषध आज नाही. लागण झालेलं झाड उपटून जाळणं किंवा पुरणं, माव्याचा बंदोबस्त करणं, विषाणूमुक्त असल्याची तपासणी झालेलीच टिश्यू कल्चर रोपं घेणं, आणि केळीत किंवा तिच्या आसपास काकडी, भोपळा, टोमॅटो, वांगी, मिरची न लावणं, एवढंच हातात राहतं. ही पिकं त्या विषाणूला आसरा देतात आणि लागवडीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, झाड कोवळं असताना, मावा त्यांच्यावरून केळीवर येतो.